मोडाचं दळण आणायच्या आधी

"झिंकसाठी कोणतं पीठ घेऊ?" आमच्या गिरणीच्या काउंटरवर हल्ली रोजचा प्रश्न. गहू, बाजरी, नाचणी, तिन्हींत १०० ग्रॅमला साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम झिंक असतं. तिळात त्याच्या दुपटीहून जास्त. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत रोजची गरज पुरुषांना १७ आणि स्त्रियांना १३.२ मिलिग्रॅम धरली आहे. आकडा मोठा वाटतो, कारण धान्या-डाळींतलं बरंचसं झिंक अंगी लागत नाही हे त्यात गृहीत आहे. दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. १९६१ साली डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधल्या ज्या झिंकअभावी खुरटलेल्या तरुणांबद्दल लिहिलं, त्यांचं मुख्य अन्न न आंबवलेली गव्हाची रोटी हेच होतं.

मग कोंडा चाळून टाकावा? नको. फायटेटबरोबर झिंकही त्यातच जातं, म्हणून आम्ही चाळून देत नाही. धान्य भिजवा, मोड आणा किंवा पीठ आंबवा. दाण्यातलंच फायटेज नावाचं एन्झाइम (पाचक द्रव्य) फायटेट तोडतं. भिजवण्याआधी भाजलंत तर हे फायटेजच मरतं.

नाचणी रात्रभर भिजवून पाणी ओतून द्या, फडक्यात बांधून एक दिवस ठेवा. मोडाचं टोक दिसलं की पुरे.

आता मुख्य गोष्ट. मोडाचं धान्य वरून कोरडं लागतं, आत ओल असते. ते दळताना पीठ दगडाला चिकटतं, गिरणी थांबवून दगड उघडावे लागतात, रांगेतली बाकीची दळणं खोळंबतात आणि तुमच्या पिठाला चार दिवसांत वास येतो. ठाण्याच्या पावसाळी हवेत नुसत्या पंख्याखाली वाळत नाही. पंख्याखाली पसरा, मग कढईत मंद आचेवर परता. दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. आम्ही चावूनच घेतो. वाजला नाही तर डबा परत. राग मानू नका.

मोडाच्या गव्हाच्या नुसत्या पिठाची पोळी चिकट होते. किलोभर साध्या पिठात पाव किलोच मिसळा.

लहान मुलांना जुलाबात दिलेलं झिंक वेगळं, ते डॉक्टर सांगतील तितके दिवस द्यायचं. त्याऐवजी आमचं पीठ चालणार नाही.

मोडाची दळणं गव्हाची गर्दी आटोपल्यावर, दुपारी घेतो. एवढा खटाटोप नको असेल तर वाळवून दळलेलं मोडाचं नाचणी पीठ अर्ध्या किलोच्या पाकिटात मिळतं. मोठं पाकीट मुद्दाम ठेवत नाही, तीन आठवड्यांत संपवलेलं बरं.