पोलीस नोंद वेगळी, भाडेकरूची चौकशी वेगळी

"पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, आता काय बघायचं?" पुण्या-मुंबईत फ्लॅट भाड्याने द्यायला काढला की हे वाक्य एजंटच्या तोंडून हमखास ऐकू येतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं आणि तो भाडेकरू म्हणून कसा आहे हे शोधणं, या दोन कामांची यात गल्लत होते.

पोलिसांना माहिती देणं घरमालकाच्या अंगावर असतं. त्यासाठी शहराशहरांत पोलीस आयुक्त आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश मोडला तर गुन्हा घरमालकावर दाखल होतो. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, नोकरीचं ठिकाण असा तपशील ऑनलाइन भरला की पोच मिळते. आपल्या हद्दीत कोण कुठे राहतं हे पोलिसांना ठाऊक असावं, एवढाच तिचा हेतू. ती पोच म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. तो ज्याचा त्याने वेगळा अर्ज करून काढायचा असतो. आणि तो दाखला हातात असला तरी सहा महिने भाडं थकवल्याचं त्यात कुठून येणार? भाड्याची थकबाकी हा दिवाणी मामला आहे.

म्हणून खरी माहिती मिळते ती आधीच्या घरमालकाकडून. त्यातही सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्याला फोन करावा. ज्याला भाडेकरू एकदाचा घालवायचा आहे, तो त्याचं कौतुकच करील. ज्याचा संबंध संपला आहे, तो मोकळेपणाने बोलतो. "माणूस कसा आहे?" असं विचारलं तर "चांगलाय हो" यापलीकडे काही हाती लागत नाही. त्याऐवजी विचारावं, "डिपॉझिटमधून किती कापलंत आणि कशासाठी?" या एका प्रश्नात थकलेलं वीजबिल, भिंतींची अवस्था, नोटीस न देता घर सोडणं, सगळं बाहेर येतं. समोरचा खरोखरच घरमालक आहे ना, हे आधी पाहावं. जुन्या नोंदणीकृत कराराची प्रत भाडेकरूकडे असतेच, त्यावरचं नाव ताडून बघता येतं. मागच्या वर्षभरात भाडं कोणत्या तारखेला गेलं हे बँकेच्या नोंदींत दिसतं. फक्त तेवढ्याच नोंदी मागाव्यात, बाकीचा व्यवहार बघण्याचं आपल्याला कारण नाही.

सिबिल स्कोअर मागण्याची पद्धतही हल्ली वाढली आहे. तो कर्ज आणि क्रेडिट कार्डाच्या परतफेडीवर ठरतो, दरमहा नेमाने भरलेलं घरभाडं त्यात सहसा दिसत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने खटले शोधता येतात खरे, पण एकाच नाव-आडनावाची माणसं कितीतरी असतात. पत्ता जुळल्याशिवाय त्यावरून कुणाला नकार देणं हा सरळ अन्याय आहे.

अन्यायाचंच बोलायचं तर चौकशीच्या नावाखाली जात, धर्म, मांसाहार, लग्न झालंय की नाही, हे प्रश्न सर्रास विचारले जातात. भाडं वेळेवर येईल का, घर नीट राहील का, याचं उत्तर त्यांतून मिळत नाही. एकट्या मुलीला किंवा मुसलमान कुटुंबाला दारातून परत पाठवणारा मालक स्वतःला सावध समजतो, पण त्याने तपासलेलं काहीच नसतं.

पोलीस नोंद असो की भाडेकरूची चौकशी, या दोन्हींपैकी एकानेही करार नोंदवण्याची गरज संपत नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

राहता राहिला पहिल्यांदाच घर भाड्याने घेणारा, लातूरहून किंवा जळगावहून पुण्यात नोकरीला आलेला मुलगा. त्याला भाड्याचा इतिहासच नसतो. तिथे वसतिगृहाच्या रेक्टरशी बोलावं, ऑफर लेटरची खात्री कंपनीकडून करून घ्यावी आणि आई-वडिलांपैकी एकाची जामीनदार म्हणून करारावर सही घ्यावी.