जांभ्यात मुरणारे वॅट

बेळगावजवळच्या खानापूरच्या पुढे, मामाच्या काजूच्या बागेत मी पहिला कळक उभा केला तेव्हा शेजारची आजी बांधावर येऊन थांबली. "एवढी तार कशाला बांधायलायस गा? धुणं घालायला?" रेडिओसाठी, म्हटलं. तिने वर टोकाकडे बघितलं, मग कळकाच्या बुडापासून मातीवर पसरलेल्या चार तारांकडे. "आणि ह्या खाली कशाला?" मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. तिचा प्रश्न किती नेमका होता हे कळायला मला दोन पावसाळे लागले.

हे काम हौशी रेडिओचं, म्हणजे हॅमचं. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना काढायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारी कॉलसाइन मिळवायची आणि स्वतःच्या यंत्रातून, स्वतःच्या तारेवरून जगाला हाका मारायच्या. त्यातले १६०, ८० आणि ४० मीटर हे लो बँड. आकडा लहरीच्या लांबीचा. ज्यांनी सकाळी सिलोन लावलंय त्यांच्या कानात '२५ आणि ४१ मीटर' अजून असेल. आमचा ४० मीटर त्या ४१ ला खेटूनच आहे.

या लहरी रात्रीच्या. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवर उन्हाने वातावरणाचा एक थर विद्युतभारित होतो. त्याला डी थर म्हणतात. लहर जितकी लांब तितकी तो जास्त गिळतो. सूर्य बुडाला की डी थर विरतो आणि लहर अडीच-तीनशे किलोमीटरवरच्या एफ थरापर्यंत पोचून, वळून पुन्हा जमिनीवर येते. त्यामुळे ८० मीटरवाल्याचा दिवस दिवेलागणीला उजाडतो, आणि घरातल्यांचा त्याच्यावरचा राग जेवणाच्या वेळी सुरू होतो.

आता तारेची लांबी. ८० मीटर बँडमध्ये ३.६ मेगाहर्ट्झला लहर ८३ मीटरची. सगळ्यांत साधा अँटेना डायपोल. त्याला अर्धी लहर लागते, टोकांचा परिणाम धरून सुमारे ४० मीटर तार. दोन झाडांमध्ये ताणली, मधोमध केबल जोडली की झालं. पण आपल्या झाडांवर ती चढते फार तर १० मीटर, म्हणजे लहरीच्या आठव्या हिश्शावर. एवढ्या खाली असलेला डायपोल बहुतेक शक्ती सरळ डोक्यावर फेकतो. ती वरून परतते आणि छत्रीसारखी आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर पडते. कोल्हापूर, पुणे, धारवाडशी गप्पा मारायला यासारखं दुसरं काही नाही. युरोप किंवा जपान हवं असेल तर मात्र लहर क्षितिजाला घासून निघाली पाहिजे. त्यासाठी तार उभी हवी.

उभ्या तारेला पाव लहर पुरते, कारण उरलेली पाव जमीन भरून काढते, निदान तशी अपेक्षा असते. पाव लहर म्हणजे २० मीटर, सहा-सात मजल्यांची उंची. माझा कळक १० मीटरचा. मग कमी पडलेली लांबी भरून काढायला पीव्हीसी पाइपवर तार गुंडाळून कॉइल केली, ती बुडाशी लावली, चार तारा मातीवर टाकल्या. या जमिनीवरच्या तारांना रेडियल म्हणतात. मीटर लावला तर एसडब्ल्यूआर १.१! ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: केबलमधून अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती उलटून येते याचा हा निर्देशांक. १ म्हणजे काहीच परत येत नाही, २ म्हणजे साधारण ११ टक्के परत. १.१ म्हणजे कुणीही पेढे वाटावेत असा आकडा.

त्या रात्री युरोपातली स्टेशनं मला खणखणीत ऐकू येत होती आणि माझी हाक एकालाही जात नव्हती. आठवडाभर हेच. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि इथे ती म्हण शब्दशः खरी निघाली.

केबल ५० ओहमची असते. अँटेना तिला ५० ओहमच्या आसपास दिसला की मीटर खूश. पण ते ओहम कशाचे, हे मीटर विचारत नाही. उभ्या अँटेनाच्या ओहमचे दोन वाटे असतात: एक, लहर म्हणून आकाशात गेलेल्या शक्तीचा, दुसरा, माती आणि कॉइल तापवण्यात गेलेल्या शक्तीचा. पुऱ्या पाव लहरीच्या तारेला पहिला वाटा सुमारे ३६ ओहम असतो. तार निम्मी केली की तो निम्मा होत नाही, धाडकन ७ ओहमच्या आसपास येतो. माझा मीटर दाखवत होता ४७. सातावर चाळीस फुकटचे. १०० वॅट पाठवले तर १५ वर जात होते आणि ८५ काजूची मुळं शेकत होते. नुसता ५० ओहमचा रेझिस्टर केबलला लावला तरी एसडब्ल्यूआर १ च येतो. त्याच्यावरून कुणी जपानशी बोलत नाही.

पण एवढी खादाड माती का? आमच्याकडे सर्रास ऐकू येतं की तांबड्या मातीत लोखंड आहे, मग वीज चांगली वाहणार. लोखंड आहे, पण गंजाच्या रूपात, आणि गंज वीज वाहून नेत नाही. मातीत वीज वाहते ती ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. खानापूरकडचा आमचा जांभा चाळणीसारखा. कणकुंबीकडे कितीही धो धो पडू दे, पाणी क्षार धुऊन घेऊन खाली निघून जातं. त्याउलट निपाणी-चिकोडीकडची काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी आणि क्षार दोन्ही धरून बसते. रेडिओच्या ढोबळ तक्त्यांत खडकाळ, धुतलेल्या जमिनीची वाहकता दर मीटरमागे १-२ मिलिसीमेन्स धरतात आणि ओल्या चिकणमातीची ३० च्या आसपास. समुद्राचं पाणी याच मापात ५,००० वर जातं, म्हणून किनाऱ्यावरच्या हॅमचा हेवा करायचा असतो. बेळगाव शहरातून दोन्ही जमिनी तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. हौशी माणसाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळायची नाही.

उपाय जुना आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्राउन, लुईस आणि एपस्टीन या तीन अभियंत्यांनी उभ्या अँटेनाखाली तारा पुरून, त्यांची संख्या बदलत मोजमापं केली. गंमत म्हणजे त्यांची चाचणी ३ मेगाहर्ट्झवर होती, आमच्या ८० मीटरच्या दारातच. त्यांच्या कामावरून मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांसाठी १२० रेडियलची पद्धत रूढ झाली. हॅमला इतकी लागत नाहीत. जमिनीतला प्रवाह कळकाच्या बुडाशी सगळ्यांत दाट असतो, म्हणून चार लांबलचक तारांपेक्षा तीच तार तोडून केलेले पंचवीस-तीस आखूड तुकडे जास्त उपयोगी. तार जाड नको, कारण प्रवाह सगळ्यांत वाटला जातो. मी पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानातून जुनी वाइंडिंग तार किलोवर आणली आणि १० मीटरचे २८ रेडियल टाकले.

मीटर लावला तर एसडब्ल्यूआर २.५.

पूर्वीचा मी असतो तर रेडियल गुंडाळून परत ठेवले असते. पण हिशेब करा: बुडाशी आता २० ओहम दिसत होते. त्यातले ७ आकाशाचे, तर १०० पैकी ३५ वॅट वर जात होते. मीटरवरचा आकडा बिघडला होता आणि अँटेना दुपटीहून सुधारला होता. २० चे ५० करणं हे किरकोळ काम, बुडाशी आणखी एक छोटी कॉइल जमिनीकडे जोडली की होतं. त्याच आठवड्यात पहिलं उत्तर आलं.

मग हाच कळक मेहुण्याच्या निपाणीच्या तंबाखूच्या रानात, तंबाखू काढल्यावर, तेवढ्याच रेडियलवर उभा केला. तिथे तो खानापूरपेक्षा सरस ठरला. कारण क्षितिजाकडे निघणारी लहर पुढे कित्येक लहरींच्या अंतरापर्यंत जमिनीवरून परावर्तित होते, आणि तिथवर रेडियल कोण पुरणार? बुडाखालची माती सुधारता येते, गावची नाही.

देखभालीचं बोलायचं तर आमच्याकडे शत्रू ठरलेले. कळकाला वाळवी: बुडाला डांबर, आणि तो मातीत न पुरता लोखंडी पाइपात बसवायचा. नायलॉनची दोरी दोन उन्हाळ्यांत पिठासारखी सुटते. रेडियल एकत्र येतात तो तांब्याचा जोड जीआय नटबोल्टला थेट लावला तर पहिल्या पावसातच गंजतो, तेव्हा तिथे डाग देऊन वर ग्रीस. झाडाला बांधलेला डायपोल कधीही घट्ट ताणू नये. एका टोकाला कप्पी आणि विटेचं वजन ठेवलं की झाड कितीही डोलू दे, तार तुटत नाही. तार फांदीवरून न्यायला शिडी लागत नाही, बेचकीतून मासेमारीचा दोरा लावलेलं शिसं पुरतं, नेम मात्र लागतो.

आणि केबलमध्ये शिरणारं पाणी. हा शत्रू गोड बोलणारा आहे. पाणी प्यालेली केबल जाणारी शक्ती खाते आणि परत येणारीही खाते, त्यामुळे घरातला मीटर उलट छान दिसू लागतो. काही न करता पावसाळ्यात एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला तर मी आधी केबलचा जोड उघडतो. बहुतेक वेळा आत हिरवट तांबं असतं.

विजेच्या बाबतीत मात्र गंमत नाही. कळक पडला तर जिथवर पोचेल तिथे वीज मंडळाची तार असता कामा नये, हा पहिला नियम. दुसरा, एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की केबल काढून घराबाहेर टाकायची. तसंही त्या दिवसांत लो बँडवर शेकडो किलोमीटरवरच्या विजांची कडकड सोडून काही ऐकू येत नाही.

ऐकण्याचा प्रश्न निराळाच. एलईडी दिवे, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर यांचा गोंगाट उभा अँटेना भरभरून गोळा करतो. त्यावर हॅरल्ड बेव्हरेज या अमेरिकन अभियंत्याची युक्ती आहे: माणसाच्या उंचीवरून एक-दोन लहरींइतकी लांब तार न्यायची आणि लांबच्या टोकाला चार-पाचशे ओहमच्या रेझिस्टरमधून जमिनीला जोडायची. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हॅम पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधल्या अर्ड्रॉसन इथे अशीच तार टाकून अटलांटिकपलीकडचे हौशी संदेश पकडले. ही तार टोक जिकडे असेल तिकडचंच ऐकते, बाकीचा कलकलाट सोडून देते. खराब जमिनीवरून जाताना लहरीचा पाय अडखळतो, ती पुढे झुकते, आणि त्या झुकण्यामुळेच आडव्या तारेत विद्युतदाब तयार होतो. चांगल्या वाहक जमिनीवर लहर ताठ चालते आणि तार जवळजवळ बहिरी होते. थोडक्यात, पाठवायला निपाणी, ऐकायला जांभा.

मामाच्या बागेत वायव्येकडे अशीच १६० मीटर लांब तार टाकली आहे, दोन मीटरच्या खुंटांवर. पहिल्याच हिवाळ्यात ती एका पहाटे मध्यावर तुटली आणि वीस-पंचवीस मीटर जंगलाकडे ओढली गेलेली सापडली. खाली चिखलात गव्याचे खूर. तेवढ्या टप्प्यात आता खुंट साडेतीन मीटरचे आहेत.