क्लेमचा चेक आणि मुलांचे थकलेले पैसे : आमच्या अशिलांसाठी माहितीपत्रक

गाडीचा अपघात किंवा कामावरची दुखापत, असा क्लेम घेऊन कुणी आमच्याकडे आलं की पहिल्याच भेटीत आम्ही एक प्रश्न विचारतो : चाइल्ड सपोर्टची (मुलाच्या पालनपोषणासाठी कोर्टाने ठरवलेल्या हप्त्यांची) काही थकबाकी आहे का? काहींना तो खटकतो. मोडलेल्या हाताचा आणि घटस्फोटाचा काय संबंध, असं त्यांना वाटतं. न्यू जर्सीत हा संबंध कायद्यानेच जोडलेला आहे आणि आमच्या मते तो योग्य आहे. मुलाची शाळा, दूध, डॉक्टर काही आई-बापाच्या तडजोडीची वाट पाहत थांबत नाहीत.

सेटलमेंटचे पैसे अशिलाला देण्याआधी त्याच्या नावावर चाइल्ड सपोर्टचं जजमेंट (थकबाकीचा कोर्टाचा निकाल) आहे का, हा शोध वकिलाला घ्यावाच लागतो. वकील नसेल तर ती जबाबदारी विमा कंपनीची. फी, कोर्टाचा खर्च आणि डॉक्टरांची बिलं वजा जाता उरलेली रक्कम २,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर तिच्यावर थकबाकीचा लिएन, म्हणजे आधी वसूल होण्याचा हक्क, असतो. वारसाहक्काने येणाऱ्या पैशालाही हाच नियम आहे. गाडी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजला परस्पर गेलेले पैसे मात्र यात येत नाहीत.

उदाहरणादाखल, सेटलमेंट ३०,००० डॉलरला झालं. खर्च १,५०० गेला, उरले २८,५००. त्यातली एक तृतीयांश फी ९,५००, डॉक्टरांचे ७,०००, शिल्लक १२,०००. थकबाकी ७,४०० असेल तर ती काउंटीच्या प्रोबेशन विभागामार्फत (चाइल्ड सपोर्टची वसुली हाच विभाग पाहतो) चुकती होते आणि तुमच्या हाती ४,६०० येतात. हा हिशेब आम्ही आधीच कागदावर मांडून देतो, म्हणजे चेकच्या दिवशी धक्का बसत नाही.

अपघात दुसऱ्या राज्यात झाला तर थकबाकी लपेल, असं समजू नका. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मंजूर केलेल्या आणि फेब्रुवारी २००६ मध्ये सही झालेल्या कायद्याने केंद्रीय यंत्रणेला थकबाकीदारांची यादी विमा कंपन्यांकडच्या क्लेमच्या माहितीशी ताडून पाहता येते. नाव जुळलं की संबंधित राज्याच्या चाइल्ड सपोर्ट विभागाला कळवलं जातं. केंद्राच्या या योजनेत कंपन्यांचा सहभाग ऐच्छिक आहे. काही राज्यांनी मात्र आपल्या कायद्याने तो बंधनकारक केला आहे.

आपल्या नावांचा घोळ इथे नेमका आडवा येतो. वडिलांचं नाव मधे लावायची आपली पद्धत. ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनाव बनतं. शिवाय न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरात एकाच नावाचे दोन पाटील सापडणं अगदी शक्य आहे. भलत्याच माणसाची थकबाकी तुमच्या नावासमोर दिसली तर घाबरू नका. जन्मतारीख, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर ताडून ती वेगळी काढता येते. त्यासाठी हे तपशील आम्हाला पहिल्याच दिवशी, पासपोर्टवर आहेत तसेच द्या.

ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. ले-ऑफ झाला म्हणून हप्ता आपोआप कमी होत नाही. केंद्रीय कायद्यातल्या १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीनुसार (बिल ब्रॅडली न्यू जर्सीचेच सेनेटर होते) प्रत्येक हप्ता देय झाला की तो जजमेंट ठरतो, आणि मागचा हप्ता नंतर न्यायाधीशालाही कमी करता येत नाही. कपात मिळाली तर फार तर हप्ता कमी करण्याच्या अर्जाची नोटीस समोरच्याला दिली त्या तारखेपासून मिळते. म्हणून अर्ज त्याच आठवड्यात करा. दुसऱ्या नोकरीच्या आशेवर सहा महिने घालवले तर ते सहा हप्ते तुमच्याच डोक्यावर राहतात.

पुण्याला मुलाच्या आजीकडे पाठवलेले किंवा हातात रोख दिलेले पैसेही प्रोबेशनच्या खात्यात आपोआप जमा धरले जात नाहीत. मनापासून दिलेले पैसे कागदावर नसल्यामुळे थकबाकीत दिसतात, हे पाहून आम्हालाही वाईट वाटतं. पैसे चाइल्ड सपोर्ट भरण्याच्या ठरलेल्या सरकारी केंद्रामार्फतच भरा.

आणि ज्यांना हे पैसे येणं आहे त्या आयांसाठी, क्वचित वडिलांसाठी. तुमची केस प्रोबेशनकडे नोंदलेली असेल तरच हे जाळं तुमच्यासाठी काम करतं. समोरच्याचा सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख आणि नावाची सगळी स्पेलिंग्ज तिथे द्या. तुमचा पत्ता बदलला की कळवा. त्याचा अपघात झाल्याचं कानावर आलं तर तेही कळवा. त्यात सूडबुद्धी नाही, ते मुलाचे पैसे आहेत. एकाच प्रकरणातल्या दोन्ही बाजू आम्ही घेत नाही, त्यामुळे आधी फोन करून नावं सांगा, मग भेटीची वेळ ठरवू.

येताना घटस्फोटाचा आदेश, प्रोबेशनचं शेवटचं स्टेटमेंट आणि विमा कंपनीची पत्रं आणा. आदेश सापडत नसेल तर केस नंबर पुरेसा आहे.