घरच्या कॉम्प्युटरवरचा आवाज (बेळगाव सीमाभाग)

कॉम्प्युटरवर लावलेलं गाणं साफ आणि भरदार ऐकू यावं म्हणून फाइल, सेटिंग, वायर, स्पीकर आणि खोली यांत जी काही सुधारणा केली जाते, तिच्याबद्दल हे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाला हा विषय जवळचा, कारण गाण्याचा वारसाच तसा आहे, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले (८ एप्रिल १९२४), तिकडं धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई हनगल. असलं गाणं डब्यातून आल्यासारखं ऐकायचं म्हणजे वाईटच वाटतं.

सगळ्यात आधी फाइल बघायची. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते आणि १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत तिचा दहावा हिस्सासुद्धा उरत नाही, साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं तर बहुतेक कापूनच टाकलेलं असतं. फरक कळायला तंबोरा ऐकावा, जवारीची (तार घोडीला घासून येणारी) ती बारीक झणझण कमी किलोबिटच्या फाइलीत पाणचट होते, सतारीच्या तरफांचंही (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांचंही) तेच. फ्लॅक नावाच्या प्रकारातली फाइल सीडीच्या साधारण निम्म्या जागेत मावते आणि तिच्यात काहीच गाळलेलं नसतं. मात्र एमपीथ्रीचं फ्लॅक करून काही उपयोग नाही, एकदा गेलेलं परत येत नाही. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेल्या गाण्यांत खरखर राहणारच, ती सॉफ्टवेअरने फार घासली तर गळ्यातली धारही जाते, त्यापेक्षा खरखर बरी.

मग सेटिंग, आणि याला एक पैसा लागत नाही. विंडोजमधली एन्हान्समेंट (आवाजात आपणहून फेरफार करणारी सेटिंगं) बंद करावीत, बास बूस्ट तर आधी. विंडोज सगळ्या प्रोग्रामचा आवाज एकत्र करून एकाच सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, त्या आकड्याला) आणतं, म्हणून सीडीवरची गाणी ऐकणाऱ्याने तो ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवावा, किंवा फूबार२००० सारख्या प्लेयरमध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह (एकाच प्रोग्रामला आवाजाचा पूर्ण ताबा देणारं विंडोजचं सेटिंग) लावावं म्हणजे मधला मिक्सरच टळतो. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवून आवाज अँप्लिफायरवर कमीजास्त करावा, घूं घूं त्यानेही कमी होते. स्पीकरची पिन कॅबिनेटच्या पुढं लावू नये, पुढच्या जॅकची वायर आतून मदरबोर्डवरून फिरून येते आणि माउस हलवला तरी चुर्र ऐकू येतं, मागचा हिरवा जॅक बरा.

तरी गुणगुण राहिली तर अर्थिंग बघावं. कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर आणि अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीच्या, असं असलं की ग्राउंड लूप (दोन वेगळ्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) होतो आणि ५० हर्ट्झची हम येते, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावले की बऱ्याचदा जाते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघावा, हम थांबली तर ती चार्जरच्या वाटेनंच येत होती. काहीजण सरळ अर्थची पिनच मोडतात, ते कधीच करू नये, शॉक बसू शकतो.

खोलीकडं कुणी बघत नाही आणि खरा फरक तिथंच पडतो. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, रिकामी खोली, की आवाज घुमतो आणि बोल कळत नाहीत. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढं, उंची कानाएवढी, आणि दोन स्पीकर व ऐकणारा मिळून त्रिकोण, एवढं केलं की तबल्याचा बायाँ (डावा, खर्जाचा) मोकळा होतो. खानापूरकडं पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस धडधडत असताना मात्र हेडफोनच लावावा.

एवढं सगळं झाल्यावर मग यूएसबी डॅक. तो डिजिटल माहितीचा आवाज कॅबिनेटच्या बाहेर बनवतो, आतली खडखड त्यात शिरत नाही, आणि हेडफोन भारी असेल तर तो जास्त उपयोगी. पण साध्या प्लॅस्टिकच्या स्पीकरांना महागडा डॅक जोडून काही होत नाही, त्या पैशात आधी स्पीकर बदलावेत.

घरातल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना टेपरेकॉर्डरचा हेड स्पिरिटने पुसून घ्यावा, वायर निळ्या लाइन-इनमध्ये लावावी, गुलाबी माइकच्या जॅकमध्ये नाही, तिथं आवाज फाटतो.