चीक सांडायचा नाही या अटीवर आंबे

शाळेच्या गॅदरिंगला आम्ही शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला कोर्टाचा सीन केला होता. मी मागे भाला धरून उभा, डायलॉग शून्य. पोर्शिया म्हणाली "मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये" आणि हॉल दणाणला, मी सुद्धा भाला काखेत धरून टाळ्या वाजवल्या. बऱ्याच वर्षांनी तो सीन सावकाश वाचला तेव्हा कळलं की हे लॉजिक तर पार गंडलेलं आहे, मग तेव्हा एवढं पटलं कसं?

गोष्ट माहितीच असेल. व्हेनिसचा व्यापारी अँटोनिओ मित्रासाठी शायलॉक या ज्यू सावकाराकडून 3000 डकॅट (सोन्याची नाणी) उसने घेतो, मुदत 3 महिने, नाही फेडले तर अंगाचं एक पौंड मांस. जहाजं बुडाल्याची बातमी येते, मुदत टळते, केस कोर्टात. पोर्शिया वकिलाच्या वेशात येते, आणि ज्याच्यासाठी कर्ज काढलं तो बसॅनिओ तिचाच नवरा, म्हणजे आजच्या कोर्टात पहिल्याच मिनिटाला ऑब्जेक्शन आलं असतं.

आता तो रक्ताचा मुद्दा बघा. समजा कोणी तुम्हाला आंबे उतरवायचा करार करून दिला आणि तुम्ही झाडावर चढल्यावर खालून ओरडला, आंबे लिहिलेत, चीक सांडायचं कुठे लिहिलंय? मांस म्हटलं की रक्त आलंच ना. जर्मन कायदेपंडित रुडोल्फ फॉन येरिंग यांनी 1872 मध्ये हेच म्हटलं होतं, की करार अनैतिक म्हणून आधीच रद्द करा, पण एकदा वैध धरलात तर मग रक्तावर अडवणं ही निव्वळ पळवाट आहे.

आपल्याकडे न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, या प्रकाराला नाव पण आहे, वाक्छल. समोरच्याच्या शब्दाचा त्याच्या मनात नसलेला अर्थ काढायचा आणि त्यावर त्याला पाडायचं. जुनं उदाहरण आहे 'नवकंबल'चं, एकजण म्हणतो याच्याकडे नव म्हणजे नवी घोंगडी आहे, दुसरा म्हणतो छे, नव म्हणजे नऊ, कुठेत नऊ, एकच तर दिसतेय! पोर्शियाचं जवळपास तेच चाललंय, फक्त घोंगडीच्या जागी माणूस आहे.

पण तिची खरी कमाल त्याच्या आधी आहे. ती आल्या आल्या शायलॉकला विरोध करतच नाही, उलट म्हणते करार पक्का आहे, व्हेनिसमध्ये कोणालाच तो बदलता येणार नाही. शायलॉक खूश. मग विचारते तराजू आहे का, तो म्हणतो तयार आहे. मग म्हणते जखमेसाठी एखादा सर्जन तरी ठेव, तो म्हणतो करारात तसं लिहिलंय का? बास, अडकला! जे कागदावर नाही ते नाही, हा नियम त्याने स्वतःच्या तोंडाने भर कोर्टात मान्य केला आणि पुढच्या काही मिनिटांत तोच त्याच्या गळ्यात पडला.

छोट्या होकारातून मोठ्याकडे न्यायच्या या प्रकारावर फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये कॅलिफोर्नियात प्रयोग केला होता. घरासमोर 'जपून चालवा' असा भलामोठा कुरूप बोर्ड लावू द्या म्हटल्यावर साधारण 17 टक्के लोक तयार झाले, पण ज्यांनी आधी तशाच विषयाचं छोटंसं स्टिकर लावायला हो म्हटलं होतं त्यांच्यातले 76 टक्के. एकदा हो म्हटलं की माणसाला स्वतःशी सुसंगत राहायचं असतं.

आणि आमच्या टाळ्यांचं काय? माशांना पोहता येतं, बांगड्याला पोहता येतं, म्हणून बांगडा मासा आहे. पटलं ना? आता बांगड्याच्या जागी बदक टाका. तर्क तोच, चुकीचाच, पण पहिल्या वेळी निष्कर्ष खरा होता म्हणून आपण मधलं काही तपासलंच नाही. मानसशास्त्रज्ञ जोनाथन एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हे मोजलं, तर चुकीचा युक्तिवाद निष्कर्ष पटण्यासारखा असला की सुमारे 71 टक्के वेळा लोकांनी बरोबर धरला, निष्कर्ष न पटणारा असला की फक्त 10 टक्के. अँटोनिओ वाचावा असं सगळ्या हॉलला वाटत होतं, मग रक्ताचं लॉजिक कोण तपासतंय.

शायलॉक काही धुतल्या तांदळासारखा नाही, सुरी पाजळत बसलेला माणूस तो. पण त्याचा एक मुद्दा मला जास्त टोचतो. तो म्हणतो तुम्ही गुलाम विकत घेता, गाढवा-कुत्र्यांसारखं राबवता, मी म्हटलं सोडा त्यांना तर म्हणाल ते आमचे आहेत, मग हे मांसही माझं, मीही विकत घेतलंय. तुम्ही करता मग मी का नाही, हा काही पुरावा नाही हे खरंय, पण कोर्टात कोणी त्याला उत्तरच देत नाही. ड्यूक, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख, कोर्ट बरखास्त करायची भाषा करतो आणि विषय तिथेच मिटतो.

शेवटी पोर्शिया आणखी एक कायदा काढते, परक्या माणसाने नागरिकाचा जीव घ्यायचा प्रयत्न केला तर त्याची अर्धी मालमत्ता त्या नागरिकाला, अर्धी सरकारजमा. असा कायदा होताच तर तो करार पहिल्या दिवसापासून बेकायदा नव्हता का, मग मघाशी 'पक्का आहे' कशाला म्हणालीस बाई? पोर्शियाचं दयेवर एवढं सुंदर भाषण झालेलं असतं आणि शायलॉकला मिळते ती दया म्हणजे जीव वाचला, पण ख्रिश्चन व्हायचं. 'मला बरं वाटत नाहीये' एवढं म्हणून तो निघून जातो.

आणि तो गेल्यावर लगेच बसॅनिओ, जिवात जीव असेपर्यंत बोटातून काढणार नाही म्हणून बायकोला शब्द दिलेली अंगठी, मित्राच्या आग्रहाखातर त्या 'वकिलाला' पाठवून देतो.