झड

झड : सूर्यदर्शन न होता दोन-तीन दिवसांपासून आठवडाभरापर्यंत चालणारा, जोर कमी-जास्त होत राहणारा पण पुरता न थांबणारा पाऊस. ग्रामीण विदर्भात हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. मराठवाड्यातही तो चालतो, आणि हिंदीतली ‘झडी’ त्याचीच बहीण. पूर्व विदर्भाच्या ‘झाडीपट्टी’शी मात्र त्याचा संबंध नाही, तो शब्द झाडांवरून आला.

झड मिलिमीटरांत मोजत नाहीत, दिवसांत मोजतात. दोन तासांत १०० मिमी पाऊस कोसळला आणि दुपारी लख्ख ऊन पडले, तर त्याला कोणी झड म्हणणार नाही. रोज २० मिमीप्रमाणे पाच दिवस आभाळ गळत राहिले, तर ती झड. दोन्हींत १०० मिमीच पाणी पडले, पण वावराची (शेताची), कोठ्याची (गोठ्याची) आणि माणसाची अवस्था सारखी नसते. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत ‘मुसळधार’ (२४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी), ‘अति मुसळधार’ (२०४.४ मिमीपर्यंत) आणि त्यापुढचा ‘अत्यंत मुसळधार’ असे वर्ग आहेत; झडीसाठी वर्ग नाही. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचला जातो आणि आकडा शून्यापासून पुन्हा सुरू होतो. झड अशी रोज सकाळी नव्याने सुरू होत नाही.

हिचा उगम विदर्भापासून शेकडो किलोमीटर दूर समुद्रात असतो, आणि तोही अरबी समुद्रात क्वचितच. जून ते सप्टेंबर या काळात बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात आणि मान्सूनच्या पट्ट्यात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. एका हंगामात सरासरी तेरा-चौदा. त्यांतली काही बळावतात. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किमीच्या वर गेला की अशा प्रणालीला ‘डिप्रेशन’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रांत ‘तीव्र कमी दाबाचे क्षेत्र’. ही प्रणाली ओडिशाच्या किनाऱ्यावर चढते आणि छत्तीसगडमार्गे वायव्येकडे, मध्य प्रदेशाच्या रोखाने सरकते. तिचा सर्वाधिक पाऊस केंद्रावर पडत नाही, तर पुढच्या डाव्या बाजूला, म्हणजे नैऋत्येच्या चतकोरात पडतो. नकाशा डोळ्यांपुढे आणला, तर केंद्र छत्तीसगड-मध्य प्रदेशावर असताना तो चतकोर नेमका विदर्भावर येतो. कोकणात पाऊस पाडणारे वारे सह्याद्री ओलांडेपर्यंत बरेच कोरडे होतात. विदर्भाचे पाणी मुख्यतः या पूर्वेकडच्या वाटेने येते. म्हणूनच पूर्वेकडे गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात वर्षाला १२०० मिमीच्या वर पाऊस होतो आणि पश्चिमेकडे अकोला-बुलढाण्यापर्यंत पोचताना तो ७००-८०० मिमीवर येतो.

या प्रणालीची पहिली खबर किनाऱ्याला लागते, आणि ती लाटेतून लागते. वारा दूर समुद्रात असतानाच त्याने उठवलेल्या लाटा पुढे निघतात, आणि आड बेट नाही, खाडी नाही अशा उघड्या टोकावर त्या आधी येऊन आदळतात. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांसाठी लाटांचा अंदाज देते. त्यात लाटेची उंची असते, ती कोणत्या दिशेने येते ते असते, आणि दोन लाटांमधला काळ सेकंदांत दिलेला असतो. जाणकार उंचीइतकाच हा काळही पाहतात, कारण तो जितका लांब, तितकी लाट दुरून आणि ताकदीने आलेली. पुरी-गोपाळपूरच्या किनाऱ्याला ज्या प्रणालीने आज धडक दिली, तीच टिकली तर दोन-तीन दिवसांत गोंदियाच्या बांधीत (भाताच्या खाचरात) पाणी आणि यवतमाळच्या वावरात चिखल करते. समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाची पेरणी समुद्रावर अवलंबून असते ती अशी. ‘उपसागरात पट्टा तयार झाला’ हे वाक्य आता गावच्या पानठेल्यावरही ऐकू येते.

प्रत्येक प्रणाली झड आणत नाही. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाची एक लांब पन्हळ पावसाळाभर असते. तिला मान्सूनचा आस म्हणतात. हा आस आपल्या नेहमीच्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला, तर प्रणाली विदर्भाच्या अंगाने जाते. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की पूर येतात बिहार-आसामात आणि मध्य भारतात पावसाचा खंड पडतो. एकाच हंगामात वीस दिवसांचा खंड आणि सहा दिवसांची झड, दोन्ही येऊ शकतात. हंगामाच्या बेरजेत ते वर्ष ‘सरासरीइतके’ दिसते.

झडीचा अंदाज आज अनेक थरांत मिळतो. हवामान विभाग एप्रिलमध्ये आणि मेअखेरीस हंगामाचा अंदाज देतो. त्यानंतर दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा. रोज पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार. आणि नागपूरच्या, पावसाचे ढग टिपणाऱ्या डॉप्लर रडारच्या आधारे पुढच्या तीन तासांचा. नागपूरला विभागाचे प्रादेशिक केंद्र आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला काढते, त्यात पिकानुसार काय करावे हे लिहिलेले असते. बातमीपत्रातली भाषा मात्र सवयीने समजून घ्यावी लागते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे एकूण केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागापर्यंत. त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. हा पावसाच्या जोराचा अंदाज नसून पसाऱ्याचा आहे, हे न कळल्याने ‘तुरळक म्हटलं होतं अन् वावर धुऊन नेलं’ ही तक्रार होते. पिवळा, नारिंगी, लाल हे रंगही पाऊस किती पडेल यापेक्षा किती सावध राहायचे, ते सांगतात.

खरी अडचण वेगळीच आहे. पाऊस येणार, हे तिसऱ्या दिवशी कोणाला सांगावे लागत नाही. गावाला हवी असते उघाड, म्हणजे पाऊस थांबून जमीन थोडी वाळेल एवढी फट. “आज उघडते का नाई?” हा झडीतला एकमेव प्रश्न. डवरणीला (पिकाच्या ओळींमधल्या कोळपणीला) दोन दिवसांची उघाड लागते, नाहीतर डवऱ्याला चिखल लागून बैलही पुढे जात नाहीत. निंदणाला एक दिवस चालतो. फवारणीला पाच-सहा तास कोरडे हवेत, नाहीतर औषध पाण्याबरोबर वाहून जाते आणि पैसेही. पाच दिवसांत पडणाऱ्या पाच-सहा तासांच्या दोन फटी कोणत्या, हे जिल्हावार अंदाजात बसत नाही. तीन तासांचा अंदाज ते सांगू पाहतो, पण तोवर मजूर घरी गेलेले असतात. अंदाज चुकतात त्यापेक्षा ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देतात, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

पिकांवरचा परिणाम जमिनीवर ठरतो. पश्चिम विदर्भाची काळी कसदार माती पाणी धरते; दुष्काळात हा गुण, झडीत दोष. पाणी मुरायला जागा उरली नाही की वावर चिबडते. मुळांभोवतीची हवा पाण्याने हुसकली जाते आणि मुळे गुदमरतात. सोयाबीन पिवळे पडते. पऱ्हाटीचे (कपाशीचे) लक्षण जास्त नाट्यमय असते: आधी लांबलेला खंड, मग जोराची झड, आणि वरून ऊन पडताच काल टवटवीत असलेले झाड आज मान टाकते. याला आकस्मिक मर म्हणतात. यात कोणतीही बुरशी नसते, त्यामुळे नुसते बुरशीनाशक ओतून उपयोग नसतो; पाणी काढून देणे आणि मुळाशी हवा खेळवणे हा मुख्य उपाय. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात (खाऱ्या पाण्याच्या भागात) निचरा मुळातच वाईट, तिथे झड दुप्पट जड जाते. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरलेल्या वावरात सरीतून पाणी निघून जाते. सपाट पेरलेल्या शेजारच्या वावराशी फरक धुऱ्यावर (बांधावर) उभे राहूनच दिसतो. वरूड-मोर्शीकडे लांबलेल्या झडीनंतर संत्र्याच्या झाडाखाली तपकिरी डाग पडलेली फळे पसरतात. जमिनीलगतच्या फळांवर चिखलाचे शिंतोडे उडतात आणि त्यातून बुरशी चढते.

पूर्वेकडे गेले की सूर बदलतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत जुलैची झड म्हणजे रोवणीचा (भातलावणीचा) मुहूर्त. चिखलणीला बांधीत पाणी उभे राहावे लागते, मामा (माजी मालगुजारी) तलाव भरावे लागतात. ज्या झडीने वाशिमचा शेतकरी कपाळाला हात लावतो, तिचीच तिकडे वाट पाहिलेली असते.

सरकारी कागदात झडीला जागा मिळायला बराच काळ गेला. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस झाला तर. रोज २० मिमीची पाच दिवसांची झड या चाळणीतून अलगद निसटते आणि पीक मात्र गेलेले असते. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही राज्याची आपत्ती म्हणून मान्य केली. सलग पाच दिवस रोज किमान १० मिमी पाऊस, ही त्यातली पहिली अट; पुढे मंडळाच्या मागील वर्षांच्या सरासरीशी तुलना आणि उपग्रहावरून मोजलेला पिकाचा हिरवेपणा अशा कसोट्या आहेत. गावातल्या झडीची आजवरची सर्वात जवळची लेखी व्याख्या हवामानशास्त्राने नाही, महसूल खात्याने केली, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

घरात झड आधी वस्तूंना कळते. मिठाच्या बरणीला पाणी सुटते, काडेपेटी सादळते आणि काडी ओढली की गुल नुसता खरवडून निघतो. सुतळीची खाट आवळून ताठ होते. कवेलूच्या (कौलारू) घरात गळती एका जागी राहत नाही. गंज, बादली, परात अशी भांडी फिरवत बसावे लागते, आणि प्रत्येकाचा टपटप आवाज वेगळा. म्हणून उन्हाळ्यात कवेलू फेरून घेणे आणि तुराट्या-पऱ्हाट्यांचे सरपण आत रचणे ही जूनच्या आधीची कामे. भाजी आणायला बाजारात जाणे होत नाही, तेव्हा मुगवड्या आणि चून (पिठले) कामी येते. मजुरी बुडते ती वेगळीच. झडीच्या दिवसांची रम्य वर्णने सहसा ज्यांची चूल गॅसवर आहे त्यांची असतात.

जुन्या अंदाजांपैकी मिठाचा संकेत पक्का आहे: हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढू लागते. तो पाऊस येण्याआधीचा दमटपणा दाखवतो. किती दिवस टिकेल, ते नाही. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, उंदीर असे वाहन असते. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागले, की बाकीवरून वाहन ठरते. त्यामुळे रत्नागिरीला आणि देऊळगाव राजाला एकच बेडूक येतो. पुढचे वाचकाने ठरवावे. म्हणी मात्र निरीक्षणातून आल्या आहेत. ‘पडतील मघा तर चुलीपुढं हगा’ ही म्हण शिष्टसंमत नाही, पण ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या झडीत दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, याचे इतके नेमके वर्णन दुसरे नाही. ‘आला पोळा अन् पाऊस झाला भोळा’ हीही तशीच, पूर्वीच्या पावसाला लागू पडणारी.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात आखलेल्या घटात गोलाकार धान्ये मांडतात. मध्यभागी पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. रात्रभर तिथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणते ढेकूळ किती भिजले यावरून कोणत्या महिन्यात किती पाऊस, ते जाहीर केले जाते. त्याला शास्त्रीय आधार नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यावर वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत. तरी गर्दी होते, कारण ते भाकीत महिन्यांत बोलते, टक्क्यांत नाही.

लांबलेल्या झडीचा शेवट कधी पुराने होतो. जमीन आधीच भरलेली असते, शेवटच्या दिवसाचे सगळे पाणी नाल्याला धावते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराचे पाणी मुख्यतः मध्य प्रदेशात पडलेल्या पावसाचे होते. वरच्या धरणांचे आणि गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्यावर भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीतली गावे बुडाली. खालच्या गावाला स्वतःच्या आभाळाकडे पाहून असा पूर ओळखता येत नाही, वरच्या खोऱ्याचा अंदाज पाहावा लागतो. भामरागड तर पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की दर पावसाळ्यात जगापासून तुटते.

सर्वांत महाग पडते ती परतीच्या काळातली, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमधली झड. सोयाबीन कापून वावरात पडलेले असते किंवा शेंगा वाळून उभ्या असतात. तीन दिवस ओल टिकली, की शेंगेतल्या दाण्याला झाडावरच कोंब फुटतो. तो दाणा बियाणे म्हणून चालत नाही, आणि मोंढ्यात ओलाव्याच्या यंत्रावर आकडा चढला की भाव उतरतो. अशा वेळी उघाड पडताच पहिले काम म्हणजे गंजीवरची पन्नी काढून ढीग पसरणे, आणि सायंकाळी पुन्हा झाकणे.