सामूहिक वनहक्काचा दावा: जुना कागद नाही म्हणून थांबू नका

गावाने राखलेले जंगल वणव्यातून आणि कुऱ्हाडीतून वाचते. झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन तिथेच राहतो. ही राखण कायद्याने गावाच्या हाती येते ती वनहक्क कायदा, 2006 मधल्या सामूहिक वनसंपत्तीच्या हक्कामुळे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर तो मिळाला.

दावा अनुसूचित जमातींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना करता येतो. इतरांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. रहिवास, जमिनीचा ताबा नव्हे. ताब्याचा पुरावा मागितला तर तिथेच हरकत घ्या.

दाव्याचा अर्ज, म्हणजे नमुना ‘ग’, मोफत मिळतो, भरायलाही सोपा आहे. दावे अडकतात ते ठरावावर. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव इथे चालत नाही, ग्रामसभाच हवी. तिला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. नंतर घरोघर फिरून सह्या गोळा करू नका. महिलांना जमेल अशी वेळ ठेवा, गणपूर्ती झाली नाही तर सभा पुन्हा बोलवा.

पुरावे किमान दोन. निस्तारपत्रक (सरपण, चराई अशा गावाच्या वापरहक्कांची जुनी सरकारी नोंद) असेल तर उत्तम, पण बहुतेक गावांकडे ते नसते आणि लोक तिथेच हात टेकतात. वयोवृद्धांचे लेखी जबाब हाही पुरावाच आहे, फक्त ते दावेदारांपैकी नसावेत. देवराई, स्मशानभूमी, गुरचराई, कंदमुळे गोळा करण्याच्या जागा नकाशावर दाखवा. अमुकच कागद आणा असा हट्ट दावा तपासणाऱ्या उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीला धरता येत नाही. उपग्रहचित्र पुराव्याला जोड देते, त्याची जागा घेत नाही. हे नियमांत स्पष्ट लिहिलेले असूनही गावांना पुन्हा पुन्हा हेलपाटे घालायला लावतात, याचा संताप येतो.

हद्दीवरून शेजारच्या गावाशी वाद असेल, तर दोन्ही गावांच्या ग्रामसभांनी निवडलेल्या वनहक्क समित्यांनी आधी एकत्र बसावे.

‘मुदत संपली’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. तीन महिने मोजायचे ते ग्रामसभेने दावे मागवल्यापासून, आणि कारण नोंदवून ग्रामसभा ती मुदत वाढवू शकते. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर कारणासह लेखी निर्णय घ्या आणि 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागा. तोंडी नकारावर काहीच करता येत नाही.

हक्क मिळाल्यावर कोणी कार्बन क्रेडिटचा, म्हणजे जंगलात साठणाऱ्या कार्बनच्या बदल्यात पैसे देण्याचा, करार घेऊन आला, तर सरपंचाने किंवा वनहक्क समितीच्या अध्यक्षाने एकट्याने सही करू नये. करार मराठीत मागा, किती वर्षांचा आहे आणि चराई, सरपण, वनोपज यांवर काय बंधने येतात ते पूर्ण ग्रामसभेत वाचून घ्या.